बढती मिळालेला रस्ता

आमच्या घरात देवाच्या खालोखाल कुणाचं नाव घेतलं जात असेल तर ते रस्त्याचं. म्हणजे नसलेल्या रस्त्याचं. चौसाळ्याहून आत आमच्या गावाकडे जी वाट यायची तिला सगळे सवयीनं रस्ता म्हणत, पण ती होती दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. उन्हाळ्यात तिच्यावर घोट्याएवढा फुफाटा, आणि पावसाळ्यात काळी माती अशी धरून ठेवायची की माणूस पुढे निघे आणि पायताण मागे राही. तात्या, म्हणजे माझे वडील, गावचे सरपंच. सकाळी अंघोळ झाली की ते सूर्याला हात जोडत आणि लगेच ओट्यावर जमलेल्या माणसांना सांगत, "औंदा रस्ता व्हतोय बरं का." तात्या खोटं बोलत नसत. दर वर्षी त्यांना ते खरंच वाटायचं. आत चुलीपुढे भाकरी थापता थापता माय हळूच विचारी, "औंदा म्हंजी कंचं औंदा?" ते ओट्यापर्यंत ऐकू जात नसे, निदान तात्या तसं दाखवत.

घर म्हणावं तर मोठं होतं आणि म्हणावं तर आवाजांचंच होतं. पहाटे मायच्या हाताखाली परातीत भाकरीचा ठप ठप आवाज, गोठ्यात म्हशीच्या साखळीची खळखळ, आणि साऱ्यावर तात्यांचा रेडिओ. रेडिओवर बातम्या लागल्या की घरात कुणी खोकायचं नाही. मंत्रिमंडळ, धरणं, परदेशचे पाहुणे असं काहीबाही त्यात असे. तात्या कान लावून बसत ते 'रस्ता' हा शब्द येतो का म्हणून. शब्द आला की ते हात वर करून सगळ्यांना गप्प करीत, आणि तो रस्ता तिकडे कुठल्या तरी राज्यातला निघे. मग ते मायला म्हणत, "वाढ." जेवायला बहुतेक दिवस ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी. मायच्या येसराचा वास चौथ्या घरापर्यंत जाई. कचेरीचा कुठलाही माणूस आमच्या गावाला नाखुशीनं येई आणि आमच्या घरातून मात्र सावकाश निघे, त्याचं कारण तात्या नव्हेत, ती आमटी होती. तात्यांना हे कुणी कधी सांगितलं नाही.

गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. मी सातवी पास झाले तोवर माझ्याबरोबरच्या बहुतेक मुलींच्या अंगाला हळद लागलेली होती. मला मात्र पुढे शिकायचं होतं. कशासाठी, ते विचारू नका. डॉक्टर व्हायचं, नाव काढायचं असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. चुलतभावाकडे आठवीचं भूमितीचं पुस्तक पाहिलं होतं आणि त्यातल्या आकृत्या मला घरातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा नीटनेटक्या वाटल्या होत्या, एवढंच. मी धीर करून तात्यांपाशी विषय काढला. ओट्यावर चार माणसं बसलेली होती, त्यामुळे त्यांना नाही म्हणणं जड गेलं आणि हो म्हणणंही.

"येष्टी सुरू झाली की गोदी चौसाळ्याच्या शाळंत जाईल," ते म्हणाले. "पर सरपंचाची पोरगी चिखल तुडवीत जाणार न्हाई. लोक शेण घालतील माज्या तोंडात."

"आन येष्टी न्हाई आली तर?" मी विचारलं.

"तर धर्मापुरीकडचं स्थळ हाय. त्येन्ला व्हय म्हणायचं."

तेव्हापासून रस्ता हे माझंही दैवत झालं. तात्यांपेक्षा मी तो जास्त मनापासून मागत होते, कारण तात्यांना त्याच्यावरून फक्त मिरवायचं होतं.

आणि खरं सांगते, तो होतही आला होता. लहान रस्ते ज्या कचेरीकडे असत ती धाकटी कचेरी आणि मोठे रस्ते जिच्याकडे ती थोरली कचेरी, असं आमच्या घरात बोलायची रीत होती. त्या साली धाकट्या कचेरीनं आमच्या वाटेवर खडी अंथरायचं काम मंजूर केलं होतं. वाटेच्या कडेनं खडीचे ढीगही येऊन पडले होते. खडी पसरली, रोलर फिरला की एसटी सोडतो, असं आगारातल्या साहेबानं तात्यांना कबूल केलं होतं. इतकं सगळं सरळ होतं. कुणी काही केलं नसतं तर दिवाळीच्या आत मी शाळेत गेले असते. पण काही न करता गप्प बसणं आमच्या गावाच्या रक्तात नाही.

झालं असं की तात्या बीडला गेले होते, तिथून एक बातमी घेऊन आले. सरकार साऱ्या रस्त्यांचा नवा आराखडा करत होतं. कोणता रस्ता कोणत्या दर्जाचा, हे नव्यानं ठरायचं होतं, आणि त्यासाठी रस्त्या-रस्त्यावर वाहनांची गणती व्हायची होती. ज्या रस्त्यावर वर्दळ जास्त, त्याला बढती. तात्या जोडे न काढताच स्वयंपाकघरात आले आणि कोपऱ्यातल्या मायच्या उतरंडीसमोर उभे राहिले. "ह्यो सगळ्यात खालचा रांजण, ह्यो राष्ट्रीय महामार्ग. त्याच्यावरची घागर राज्य मार्ग. त्याच्यावर डेरा, ह्यो प्रमुख जिल्हा मार्ग. मग ते मडकं, इतर जिल्हा मार्ग. आन ते वरचं बारकं गाडगं दिसतंय का? ग्रामीण मार्ग. ते आपण. आपल्याला ह्या मडक्यात जायाचंय."

"त्या गाडग्यात मीठ हाय," माय म्हणाली. "हात लावू नका."

मडक्यात गेलं की खडीवर डांबर पडणार होतं आणि रस्ता धाकट्या कचेरीकडेच राहणार होता. हिशेब चोख होता. दारात खडी पडलेली असताना तात्यांना डांबराची आठवण झाली. खडीवर समाधान मानील तो सरपंच कसला!

गणतीला आले ते शेखसाहेब. साहेब कसले, कारकूनच होते बिचारे, पण डोक्याला टोपी आणि बगलेत फाइल असली की आमच्याकडे साहेब व्हायला तेवढं पुरे. वेशीबाहेरच्या लिंबाखाली त्यांना खाट टाकून दिली, उशाला तक्क्या दिला, पाण्याचा माठ भरून ठेवला. समोरून वाहन गेलं की ते कागदावर एक उभी रेघ ओढत. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. आठवडाभर हेच करायचं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी फारशी पेन्सिल उचलली नाही. आमच्या रस्त्यानं जाणार कोण आणि येणार कुठून! तात्या दुपारी घरी आले ते पाणीसुद्धा न पिता पुन्हा बाहेर पडले, आणि ऊन कलायच्या आत गावातली प्रत्येक बैलगाडी जुंपलेली होती.

वेशीतून निघायचं, शेखसाहेबांसमोरून जायचं, ओढ्यापाशी वळायचं, मागच्या पांदणीनं गावात शिरायचं आणि पुन्हा वेशीतून निघायचं. दिवसभर गाव स्वतःभोवती फिरत होतं. मीही एका गाडीत होते. मला माझी शाळा हाकत आणायची होती. गाडीत काहीतरी माल हवा म्हणून कुणी कडबा घातला, कुणी म्हातारी बसवली. चाकांना वंगण पुरेना, सारा आठवडा गावात कुईकुई चाललेली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेखसाहेब तात्यांना म्हणाले, "सरपंच, हा मोडक्या शिंगाचा बैल लई वेळा दिसायलाय मला."

"आमच्याकडं समद्याच बैलांची शिंगं मोडकी हायत, साहेब," तात्या म्हणाले. "जमीनच तसली हाय."

शेखसाहेबांनी एक रेघ ओढली. त्या दुपारी मायनं त्यांना येसराची आमटी, ठेचा आणि दह्याचं मडकं पाठवलं होतं.

लिंबाजी मेंढक्यालाही वाटलं, गावासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे. त्यानं आपली सारी मेंढरं त्या लिंबाखालून नेली. शेखसाहेबांची पेन्सिल हलली नाही.

"ह्ये कावून मोजंना तुमी?" लिंबाजी भडकला. "पाय चार हायत की!"

"बाबा, पाय नकोत. चाक पायजे."

लिंबाजी गेला आणि मास्तरांची सायकल घेऊन आला. त्याला ती चालवता येत नव्हती. म्हणून तो सायकल हातानं ढकलत मेंढरांच्या मागे दिवसभर ये-जा करत राहिला, आणि शेखसाहेब नियमाप्रमाणे दर खेपेला एक सायकल मांडत राहिले. सायकलवर माणूस बसलेला असावा असं नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं.

आता नातू मला मोबाइलवर आमच्या गावचा रस्ता दाखवतो. पिवळ्या रेषेनं, ठळक. म्हणतो, आजी, बघ, किती मोठा आहे. मी बघते आणि मला त्या रेषेत लिंबाजी दिसतो. देशाचे नकाशे मोठमोठे अभियंते काढतात असं मी वर्गात मुलांना शिकवत आले, चाकरी होती म्हणून. पण निदान एक रेघ तरी मला माहीत आहे, ती कुणी ओढली आणि काय खाऊन ओढली.

निकाल यायला काही महिने लागले, आणि दर्जा ठरेपर्यंत खडीचं कामही थांबून राहिलं. तात्या बीडहून परतले ते वेशीपासूनच हलगीवाला पुढे घालून, पेढ्यांचा पुडा उंच धरून. आमच्या रस्त्याला बढती मिळाली होती, आणि तीही एक नाही, दोन पायऱ्यांची! मडकं ओलांडून आम्ही थेट डेऱ्यात. प्रमुख जिल्हा मार्ग. तात्यांनी हे तीन शब्द इतक्या वेळा म्हटले की म्हशींनाही पाठ झाले असतील. कुणी विचारलं नाही की असं कसं झालं. तात्यांनी थोरल्या कचेरीत विचारलं होतं, पण ते आम्हाला फार उशिरा कळलं. तिथल्या साहेबानं त्यांना समजावलं होतं की मोटार भुर्रकन निघून जाते, बैलगाडी मात्र रस्ता अडवून बसते. म्हणून त्यांच्या हिशेबात एक बैलगाडी कितीतरी मोटारींच्या बरोबरीची धरतात. आम्हाला वाटत होतं, गरिबाची गाडी, तिला कोण विचारतं? चार जास्त फिरवू. आणि कागदावर आमचं गाव एखाद्या शहरासारखं गर्दीचं होऊन बसलं.

पेढे खाऊन झाले आणि पुढच्याच बाजाराला धाकट्या कचेरीचा ट्रक आला. आम्हाला वाटलं, आणखी खडी आली. माणसं उतरली आणि त्यांनी पडलेली खडी पाट्या-पाट्यांनी ट्रकमध्ये भरायला सुरुवात केली. तात्या धावत गेले.

"आरं, ह्ये काय करायलाव?"

मुकादम भला माणूस होता. म्हणाला, "सरपंच, ही खडी ग्रामीण रस्त्याची हाय. तुमचा रस्ता आता मोठा झाला. मोठ्या रस्त्याला आमी हात लावला तर आमची नोकरी जाईल. अभिनंदन."

तात्या थोरल्या कचेरीत गेले. तिथं सांगितलं की रस्ता आमचा खरा, पण धाकट्या कचेरीनं तो अजून रीतसर सोपवलेला नाही, आणि सोपवला तरी प्रमुख जिल्हा मार्ग काय नुसत्या खडीवर करायचा असतो का? त्याची रुंदी वेगळी, त्याचे पूल वेगळे, त्याच्या खर्चाचा अंदाज वेगळा. धाकटी म्हणे गेला, थोरली म्हणे आला नाही. असा आमचा रस्ता दोघींच्या मध्ये, कुणाचाच नव्हे, बेवारस. एक गोष्ट मात्र वेळेवर आली, ती म्हणजे पाटी. दोन खांबांवर रस्त्याचा नंबर आणि खाली आमच्या गावाचं नाव. चिखलात पाटी उभी आणि तिच्याकडे जायला वाट नाही. मी त्या पाटीवर थुंकले होते. कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी मला पर्वा नव्हती.

मारुतीच्या पारावर सभा भरली. उपाय एकच होता: गणती चुकली, आम्हाला पुन्हा खाली उतरवा, असा अर्ज करायचा. आमच्या चुलतभावानं तसं बोलूनही दाखवलं. पारावर एकदम कालवा झाला.

"खाली? कावून खाली बे? मोठेपणा पचंना व्हय तुला?"

"चौसाळ्यावाले हासतील आपल्याला."

लिंबाजी उभा राहिला. "म्या मेंढरं सोडून सायकल ढकलली. पाय सुजले माजे. उतरायचं न्हाई!"

शिवाय गणती चुकली म्हणायचं तर शेखसाहेबांच्या पोटावर पाय. त्यांनी आमच्या घरचं मीठ खाल्लेलं. सगळ्यांचं एकमत झालं. रस्ता नसला तरी चालेल, दर्जा राहिला पाहिजे. मी पाराच्या मागे बायकांत बसून ऐकत होते. साऱ्या गावानं हात वर केले, तात्यांनीही केला, आणि त्या हातांत माझी आठवी बुडाली. मला त्या दिवशी तात्यांचा जेवढा राग आला तेवढा पुढे आयुष्यात कुणाचाही आला नाही. घरी आल्यावर मी भाकरी पुढ्यातून सारली आणि गोठ्यात जाऊन बसले.

पावसाळा आला, एसटी आली नाही. तात्या शब्दाचे पक्के, त्यांनी धर्मापुरीकडच्या पाहुण्यांना निरोप धाडला.

पाहुणे आले. म्हणजे त्यांची जीप आमच्या शिवेपर्यंत आली आणि पाटीच्या पायाशीच रुतली. तिथून नवऱ्या मुलाचे वडील, मामा आणि आणखी दोघे धोतरं वर खोचून, जोडे हातात घेऊन, मांड्यांपर्यंत काळे होऊन दारात उभे राहिले. मायनं दोन घागरी पाणी ओतलं तरी त्यांचे पाय दिसेनात. मला हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं. नाव विचारलं, सांगितलं. भाकरी येते का विचारलं, येते म्हणाले. पोहे खाऊन मुलाचे वडील तोंड पुसत म्हणाले, "पोरगी पसंत हाय, सरपंच. बोलायला जागा न्हाई. पर वरात आणायची कुठनं? उद्या सून बाळंतपणाला माहेरी धाडायची म्हटली तर काय खांद्यावर आणायची? तुमच्या गावाला रस्ताच न्हाई."

तात्या ताडकन उभे राहिले. "रस्ता न्हाई? प्रमुख जिल्हा मार्ग हाय त्यो!"

"आसंल की," पाहुणे पायाचा चिखल खरवडत म्हणाले. "पर कुणीकडनं?"

पाहुणे गेले, गावातल्या सहा बैलांनी त्यांची जीप ओढून काढली, आणि स्थळ मोडलं. मी पाटावरून उठले तेव्हा मला आनंदानं रडू येत होतं आणि मायला वाटलं, पोरीच्या जिवाला लागलं.

तात्या ओट्यावर बसून राहिले. रेडिओ लावला नाही. दिवस मावळता माय पदर खोचून बाहेर आली आणि चार माणसांदेखत बोलली, जे तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं. "रस्ता न्हाई म्हणून शाळा न्हाई म्हणालात. आता रस्ता न्हाई म्हणून नवरा बी न्हाई. पोरीनं काय हितंच म्हातारं व्हायाचं? शाळंला जीप लागत न्हाई. शाळंला चालत जाता येतंय. चौसाळ्याला माजी मावसबहीण हाय, ती ठिवून घेतीया. उद्या मी नेते हिला."

"लोक काय म्हंतील?" तात्या म्हणाले.

"काय म्हणायचं ऱ्हायलंय का आता?"

दुसऱ्या दिवशी माझी पेटी डोक्यावर घेऊन माय पुढे आणि मी मागे, अशा आम्ही निघालो. चिखल पिंढऱ्यांपर्यंत होता. दर चार पावलांवर माय थांबून पाय उपसायची आणि कचेऱ्यांना, साहेबांना, सरपंचाला, सगळ्यांना शिव्या घालायची; एरवी तिच्या तोंडून साधा उणा शब्द निघत नसे. मी हसत होते. चौसाळ्याला हमरस्त्याचं डांबर लागलं तेव्हा ती अनवाणी त्यावर उभी राहिली आणि लगेच बाजूला झाली. "लई कडक हाय गं," म्हणाली, आणि कडेच्या मातीतून चालू लागली. शाळेत नाव घातलं, मावशीकडे पेटी ठेवली, आणि धारा काढायच्या आहेत म्हणून ती चहासुद्धा न घेता परत फिरली.

तात्या रविवारी आले. मी मावशीच्या अंगणात भांडी घासत होते. त्यांचं धोतर कमरेपर्यंत काळं झालेलं, टोपीवर चिखल उडालेला, म्हणजे वाटेत कुठंतरी पडले असणार. त्यांनी फडक्यात बांधलेले धपाटे माझ्या हातात दिले, ते अजून मऊ होते. मावशीनं पाणी दिलं, ते उभ्यानंच प्यायले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. अंगण खराब होईल म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, फाटकाकडे तोंड करून म्हणाले, "आभ्यास कर. नापास झालीस तर ह्याच रस्त्यानं माघारी यावं लागंल."

मी कधीच नापास झाले नाही.